फुटबॉलच्या स्टेडियममध्ये उतरण्यासाठी या विमानाला ३० रॉकेट्स बसवली होती

गोष्ट १९८० ची. तेहरानच्या अमेरिकन दूतावासातले ५२ जण इराणमध्ये ओलीस होते. एप्रिलमध्ये त्यांना सोडवायला निघालेली मोहीम वाळवंटातच फसली. आधी हेलिकॉप्टर्स बिघडली, मग परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि ८ अमेरिकन सैनिक गेले.

मग अमेरिकेने ठरवलं, आता हेलिकॉप्टरच नको. दूतावासाच्या समोर अमजदिये नावाचं फुटबॉल स्टेडियम होतं. थेट तिथेच विमान उतरवायचं, ओलिसांना बसवायचं आणि उडायचं.

विमान कुठलं? तर सी-१३० हर्क्युलिस. आपल्या हवाई दलाकडे याचीच नवी आवृत्ती आहे. चार इंजिनांचं हे अवाढव्य धूड आहे. कमी जागेत उतरण्यासाठी ते प्रसिद्ध आहे, पण स्टेडियम म्हणजे फारच झालं.

म्हणून लॉकहीड कंपनीने त्याला तब्बल ३० रॉकेट्स बसवली. तीही कुठली, तर क्षेपणास्त्रांची. पुढे तोंड केलेली ८ रॉकेट्स ब्रेकसारखी, खाली तोंड केलेली ८ आदळण्याचा जोर कमी करायला, मागे तोंड केलेली ८ उड्डाणाला ढकलायला. उरलेली ६ विमान वेडंवाकडं होऊ नये म्हणून. या प्रकल्पाचं नाव होतं 'क्रेडिबल स्पोर्ट'.

२९ ऑक्टोबर १९८० ला फ्लोरिडात चाचणी झाली. उड्डाण झकास झालं. जेमतेम दीडशे फुटांत विमान हवेत!

घोळ झाला तो उतरताना. रॉकेट्स ठरलेल्या क्रमाने पेटवायला कॉम्प्युटर होता, पण त्यावर अजून काम बाकी असल्याने ती माणसाने पेटवायची ठरलं. पहिली ब्रेक रॉकेट्स पेटली. त्यांच्या झोताने डोळे दिपले आणि विमान टेकलं असं वाटून पुढची जोडीही पेटवली गेली, असं सांगतात. प्रत्यक्षात विमान अजून हवेत होतं. वेग जवळपास शून्यावर आला आणि खाली तोंड केलेली रॉकेट्स पेटलीच नाहीत. विमान धाडकन आपटलं, उजवा पंख तुटला, आग लागली. आग काही सेकंदांत विझवली म्हणून बरं. आतले सगळे सुखरूप बाहेर आले.

पुढे वाटाघाटी झाल्या आणि २० जानेवारी १९८१ ला ओलीस सुटले. स्टेडियमवर उतरायची वेळच आली नाही.

याच प्रकल्पातलं एक हर्क्युलिस पुढच्या चाचण्यांना वापरलं, रॉकेट्सशिवाय. त्यातून विशेष मोहिमांचं 'कॉम्बॅट टॅलन २' हे विमान घडलं. ते जुनं हर्क्युलिस नंतर जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्सच्या संग्रहालयात ठेवलं होतं.