दोन फासे, एक ग्रह आणि मुळशीचे खोरे

ताम्हिणी घाटाच्या रस्त्याला लागले की मुळशीचा जलाशय बराच वेळ आपली सोबत करतो. पावसाळ्यात धुके उतरले म्हणजे पाणी, डोंगर आणि रान यांवाचून काही दिसत नाही. समजा, अशा वेळी परग्रहावरचे एखादे यान इथे उतरले. त्याचा कप्तान वहीत काय लिहील? ‘पाणी भरपूर. हवा उत्तम. वस्ती नाही.’

ही नोंद बरोबर ठरेल का? उत्तर शोधायला आपण एका खेळाची मदत घेऊ.

घोडा आणि अवकाशयान

‘ट्रॅव्हलर’ हा खेळ मार्क मिलर यांनी अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध केला. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कोणी कप्तान होतो, कोणी वैद्य, कोणी व्यापारी. एक जण पंच होऊन प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या भूमिकेप्रमाणे वागतात. यश की अपयश, ते फासे ठरवतात. याला भूमिकाखेळ म्हणतात. १९८२ साली ‘स्टार फ्रंटियर्स’ हा असाच दुसरा खेळ आला. त्याच्या नावातच ‘सीमाप्रदेश’ आहे.

अशा खेळांत रंगभूमी ताऱ्यांची असली, तरी कथा पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरची असते. दूरची वस्ती, दांडगे लुटारू, आणि मदतीला येणारे दोन-चार धाडसी प्रवासी. १९७५ सालचा ‘शोले’ तुम्ही पाहिला असेल, तर हा साचा लगेच ओळखाल.

पण अवकाशात घोड्यांचा जमाना परत का यावा? कारण आहे अंतर. ‘ट्रॅव्हलर’मध्ये एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घ्यायला सुमारे एक आठवडा लागतो, आणि बातमी यानापेक्षा लवकर पोचत नाही. त्यामुळे वरिष्ठांना विचारायची सोयच नाही. जागेवरच्या माणसाने निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षातील अंतरे याहून अवघड आहेत. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तिकडे रेडिओसंदेश पाठवला, तर उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील!

फाशांतून उभा राहणारा ग्रह

या खेळात प्रत्येक ग्रहाची आठ बाबींची नोंद असते: अवकाशबंदर, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायदा आणि तंत्रज्ञान. लोकसंख्येसाठी दोन फासे टाकायचे आणि बेरजेतून २ वजा करायचे. उरेल तितकी शून्ये १ वर द्यायची. ३ उरले तर वस्ती हजारांत, ५ उरले तर लाखांत. ० उरला तरच ग्रह निर्जन.

आता गणित करू. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. बेरीज ७ येण्याचे सहा प्रकार आहेत, म्हणून लाखांची वस्ती सर्वांत अधिक वेळा मिळते. ग्रह निर्जन ठरायला बेरीज २ हवी, आणि ती एकाच प्रकारे येते: दोन्ही फाशांवर १. म्हणजे सरासरी ३६ ग्रहांत एक निर्जन! सीमेवरची भूमी मोकळीच असते, ही समजूत खेळातले फासेसुद्धा खोटी ठरवतात. अमेरिकेच्या पश्चिमेलाही मूळ रहिवासी हजारो वर्षे राहतच होते.

मुळशीची नोंद

आता आपल्या कप्तानाकडे वळू. शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्याकडे वीज तयार करणाऱ्यांचे लक्ष गेले. धो धो पाऊस, आणि सह्याद्रीच्या कड्याखाली सुमारे ५०० मीटरचा उतार. इथे पाणी अडवून खाली कोकणात सोडले, की त्याच्या जोरावर जनित्रे फिरतील आणि मुंबईला वीज मिळेल. विज्ञानाच्या दृष्टीने योजना उत्तम होती.

पण खोरे मोकळे नव्हते. पन्नासच्या आसपास गावे, त्यांची भातखाचरे, देवळे आणि सुमारे दहा हजार माणसे तिथे होती. खेळाच्या भाषेत लोकसंख्येचा आकडा ४! टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले, ते याच लढ्यापासून. त्यांनी तुरुंगवासही सोसला. तरी धरण झाले. भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

म्हणजे कप्तानाची नोंद चुकली. त्याला दिसलेले पाणी खरे होते. पण ते तिथे कसे आले, हे त्याने कोणाला विचारलेच नाही.

करून पाहा

दोन फासे ३६ वेळा टाका. बेरीज २ किती वेळा येते, ते लिहून ठेवा. मित्रांचे निकालही त्यात मिळवा. फेका वाढतील तसतसे प्रमाण ३६ त एकाच्या जवळ येताना दिसेल. मग आपल्या गावाची आठ बाबींची नोंद तयार करा आणि तिला नववी बाब जोडा: ‘इथे आधीपासून कोण राहते, आणि त्यांचे म्हणणे काय?’ ही बाब मात्र फाशांनी ठरवू नका. घरातल्या आजोबा-आजींना विचारून भरा.