भिरंडेलाचा गोळा

आजीच्या कोनाड्यात एक पांढुरका गोळा असे. अंड्याहून मोठा, एका अंगाला खोलगट. थंडीत टाचा फुटल्या की त्याचा कपटा पळीत वितळवून ती भेगांत सोडायची. आम्ही बोंब मारायचो. आमसुलं करून झाल्यावर उरलेल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं ते तेल, म्हणजे भिरंडेल. म्हणायचं तेल, पण वैशाखातसुद्धा दगड.

पुढे फ्लूकिगर आणि हॅनबरी यांचा 'फार्माकोग्राफिया' (1874) हाती लागला आणि त्यात हाच गोळा भेटला: हिंदुस्थानच्या बाजारात मिळणारी, अंड्याच्या आकाराची किंवा एका बाजूने खोलगट वडी, सुमारे चार इंच लांब, दोन इंच रुंद, वजन पाव पौंडाच्या आसपास. युरोपात बसलेल्या माणसांनी आजीचा कोनाडा मोजून ठेवला होता!

त्याच टिपणात एक चहाडी आहे. हिंदुस्थानातल्या एका नियतकालिकाने 1830 च्या सुमारासच लिहिलं होतं, की हे तेल गोव्यात सर्वांच्या माहितीचं आहे आणि तुपात भेसळ करायला सर्रास वापरतात. म्हणजे छापील ओळख झाली ती आरोपी म्हणून. 1868 च्या हिंदुस्थानी औषधकोशात त्याला मलमाचा पाया म्हणून जागा मिळाली, तरी भेसळीचा डाग पुढच्या पुस्तकांतही सोबत राहिलाच.

हा डाग धुतला गेला तो युरोपातल्या भांडणात. 1973 मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय समुदायात आले. त्यांच्या चॉकलेटात कोको बटरखेरीज दुसरी वनस्पतिजन्य स्निग्धं चालत. फ्रान्स-बेल्जियमवाल्यांच्या लेखी ती शुद्ध भेसळ. सत्तावीस वर्षं खल चालला. अखेर 2000 च्या निर्देशाने सहा स्निग्धांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा दिली, वेष्टनावर तसं छापण्याच्या अटीवर. त्या सहांत साल वृक्ष आहे, आंब्याची कोय आहे आणि 'कोकम गुर्गी' आहे. कोकणात हे नाव मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुपात गुन्हेगार ठरलेलं तेल चॉकलेटात कायदेशीर झालं, याचा मला अजून आनंद होतो.

यात गुण आहे तो रेणूच्या ठेवणीचा. दोन कडांना स्टिअरिक आम्ल, मध्ये ओलेइक. कोको बटरमध्येही याच घाटाचे रेणू असतात, म्हणून दोन्ही एकजीव होतात. पण कोको बटर साधारण 34 अंशांना विरघळतं, कोकमाचं 40 च्या आसपास. उन्हाळ्यात लिपस्टिक आणि क्रीम वितळू नये म्हणून प्रसाधनवाल्यांना ते हवंसं वाटतं यात नवल नाही. डब्यावर मात्र 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असं भारदस्त नाव. (हा गार्सिनिया गोव्यात राहिलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्तावरून आलेला नाही, लोरां गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतीवाल्यावरून आला. मीही बरीच वर्षं फसलो.)

फळाच्या सालीतल्या आम्लाची गोष्ट मला कमी रुचते. म्हैसूरच्या लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 मध्ये कोकमाच्या भावंडात, मलबारी चिंचेत, हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल ओळखलं. त्यावर वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. गोळी आणि औषध नसलेली नकली गोळी यांत वजनाचा फरक दिसला नाही. सोलकढी प्यावी ती चवीसाठी.

बियांचं घोडं अडतं ते अंगणात. फळं पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि मागून पाऊस टपलेला असतो. बी चोळून, धुऊन खडखडीत वाळवायची, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर आलेला थर निवल्यावर काढून मुठीने वळायचा. बी दमट राहिली की बुरशी धरते, तेल खवट होतं. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या अंगणात चांगल्या उन्हाच्या जागी आमसुलं पसरली होती आणि बिया गोठ्याच्या सावलीत, फाटक्या तरटावर. दुपारी आभाळ भरून आलं, तसं घरातलं प्रत्येक माणूस धावलं. आमसुलांची सुपं आत गेली, पापड गेले, वाळत घातलेली मिरची गेली. मी तरटाकडे वळलो, तर काकू ओट्यावरून म्हणाल्या, "ते राहूं दे रे, बियाच आहेत."