अपस्माराची गोळी आणि रक्तातील मेद

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कार्यालयांत वार्षिक आरोग्य तपासणीचे अहवाल आले की जेवणाच्या सुट्टीत साखरेचे आणि कोलेस्टेरॉलचे आकडे एकमेकांना सांगितले जातात. अपस्मारासाठी वर्षानुवर्षे गोळी घेणारी व्यक्ती मात्र बहुधा गप्प बसते. हा आजार लपविण्याची सवय जुनी आहे. हिंदू विवाह कायद्यातील त्याचा उल्लेखसुद्धा १९९९ च्या दुरुस्तीनेच वगळला गेला. त्यात तेल-तूप मोजून खाऊनही कोलेस्टेरॉल का वाढले, हे कोडे उलगडत नाही.

पुष्कळदा त्याचे उत्तर गोळीतच असते. १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन, १९३८ पासूनचे फेनिटॉइन आणि नंतर आलेले कार्बामाझेपिन ही औषधे यकृतातील काही विकरांचे प्रमाण वाढवितात. यांतील बहुतेक विकरे औषधांचा निचरा करतात. परंतु त्याच कुळातील एक विकर कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत असते. त्यामुळे यकृत अधिक कोलेस्टेरॉल निर्माण करते, असे मानले जाते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन बदलून लॅमोट्रिजिन वा लेव्हेटिरासिटाम दिल्यावर सहा आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे २५ मिलिग्रॅमने उतरले. आहार तोच होता की नाही, ही शंका रास्त. पण एवढ्या अल्पावधीतील घट बोलकी आहे.

मात्र या जुन्या औषधांनी हितकारक एचडीएलही अनेकदा वाढते. म्हणून केवळ एकूण आकड्यावर न जाता मेदाची संपूर्ण तपासणी पाहावी. व्हॅल्प्रोएटची वाट निराळी : त्याने वजन वाढू शकते आणि त्यासोबत ट्रायग्लिसराइड.

खरी गफलत पुढे होते. कोलेस्टेरॉलसाठी दिलेल्या अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिनचाही तीच विकरे लवकर निचरा करतात, आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते. रोसुव्हास्टॅटिनवर हा परिणाम तुलनेने कमी होतो. हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घरात दोन वेगळ्या पिशव्यांत राहिल्या, तर हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

याहून घातक म्हणजे अहवाल पाहून अपस्माराची गोळी परस्पर बंद करणे. अचानक खंड पडल्यास झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. औषध बदलायचेच ठरले, तर मेंदूविकारतज्ज्ञ जुन्याची मात्रा हळूहळू उतरवीत नवे चढवितात. त्यासाठी काही आठवडे लागतात, आणि नवी गोळी बहुधा महागही पडते.