यंत्र बोलते, शब्द कोणाचा?

"कर्ज हवे का?" असे विचारणारा गोड आवाज घरच्या फोनवर तुम्ही ऐकलाच असेल. तो माणसाचाच असेल असे नाही! आकुर्डीत नोंदणीकृत कार्यालय असलेली बजाज फायनान्स या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे बोलके संगणक वापरू लागली आहे. असा विक्रेता तुमचे बोलणे अक्षरांत उतरवतो, उत्तरासाठी संभाव्य शब्द एकामागून एक निवडतो व त्यांचा पुन्हा आवाज करतो. पण संभाव्य म्हणजे खरे नव्हे. चाकणच्या कारखान्याला "सुटे भाग सोमवारी पोचतील" असे सांगायचे, तर त्याला गोदामाची नोंद पाहता यायला हवी. आणि चुकले तर? आजीच्या निधनानंतर तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला एअर कॅनडाच्या यंत्राने सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. यंत्र आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार, असा काहीसा अजब बचाव कंपनीने केला! २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला व कंपनीलाच भरपाई द्यायला लावली.