मनीचे पारपत्र

परदेशी जायचे म्हणजे पारपत्र, व्हिसा आणि तिकीट लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. मुंबईतून, कोकणातून कितीतरी कुटुंबे नोकरीसाठी आखाती देशांत आणि इंग्लंडात जाऊन राहतात. अशा एखाद्या घरात मांजर असले तर? उर्दूत तिला आपण लाडाने मानो म्हणतो, मराठीत मनी. अब्बा, अम्मी आणि मुले यांची कागदपत्रे तयार होतात. मनीचे काय करायचे? तिला टोपलीत घालून बरोबर नेता येईल का?

नेता येते. पण त्यासाठी मनीलाही कागदपत्रे लागतात आणि कधीकधी ती तयार व्हायला माणसांच्या कागदपत्रांपेक्षा जास्त वेळ लागतो. घरात कुत्रा असला तरी बहुतेक नियम हेच.

या सगळ्याच्या मुळाशी एक रोग आहे. त्याचे नाव रेबीज. कुत्रे पिसाळले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला हाच रोग झालेला असतो. रोगी प्राण्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. तो चावला की ते जखमेतून शरीरात शिरतात. कुत्रा, मांजर, कोल्हा, वटवाघूळ, माणूस अशा कोणत्याही सस्तन प्राण्याला हा रोग होऊ शकतो. चावल्याबरोबर जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुतली व डॉक्टरांकडून वेळेवर लस टोचून घेतली, तर माणूस वाचतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाची लस १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आली आणि तो वाचला.

हा रोग फार फसवा आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच काहीच दिसत नाही. आठवडे जातात, कधी महिनेही जातात. तोपर्यंत कुत्रा नेहमीसारखा खातो, पितो, खेळतो. मग परदेशातून आलेला प्राणी निरोगी आहे, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कसे ओळखावे?

ब्रिटन हा समुद्राने वेढलेला देश. तेथे १९०२ सालापर्यंत रेबीजचे उच्चाटन झाले होते. पण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, तो परत आला. युद्धावरून घरी निघालेल्या सैनिकांनी लळा लागलेली कुत्री चोरून बरोबर आणली होती, त्यांच्यातून तो आला असे मानतात. सैनिकांना दोष द्यावासा वाटत नाही, पण त्यांच्या मायेची किंमत देशाला मोजावी लागली. रोग पुन्हा घालवायला १९२२ साल उजाडले.

म्हणून ब्रिटनने एक कडक उपाय योजला होता. बाहेरून आलेले प्रत्येक कुत्रे आणि मांजर सहा महिने वेगळे ठेवायचे. याला क्वारंटाइन म्हणतात. सहा महिने प्राणी पिंजऱ्यात राहायचा. मालकाने खर्च भरायचा आणि अधूनमधून त्याला भेटून यायचे. एवढे करूनही १९६९ साली कँबर्ली या गावी एक कुत्रा पिसाळला. तो जर्मनीहून आला होता आणि सहा महिने पुरे करून नुकताच सुटला होता. नुसते थांबून पाहणे पुरेसे नाही, हे त्यातून दिसले.

पुढे विज्ञानाने अधिक चांगला मार्ग दाखवला आणि २००० साली ब्रिटनने नियम बदलायला सुरुवात केली. आता प्राण्याला कोंडून ठेवण्याऐवजी त्याची तयारी आधीच, त्याच्या घरी करून घेतात. भारतातून ब्रिटनला जाणाऱ्या मनीचेच उदाहरण घेऊ.

पहिली पायरी ओळखीची. मांजरे एकमेकांसारखी दिसतात. कागद एका मांजराचा आणि टोपलीत दुसरेच मांजर, असे होऊ नये म्हणून पशुवैद्य मनीच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुईने बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ धरले की त्याच्या लहरींवर चिप जागी होते आणि पंधरा आकडी क्रमांक यंत्रावर उमटतो. तो जगात दुसऱ्या कोणत्याही मांजराचा नसतो.

त्यानंतर रेबीजची लस. त्या वेळी मनी निदान बारा आठवड्यांची असली पाहिजे. चिप आधी आणि लस नंतर, हा क्रम चुकवून चालत नाही. लस आधी टोचली असेल तर ती धरत नाहीत. कारण लस याच मांजराला टोचली, याला पुरावा उरत नाही.

लस टोचली म्हणजे ती लागू पडलीच असे नाही. म्हणून तीस दिवसांनी मनीचे थोडे रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. रेबीजशी लढणारी प्रतिपिंडे रक्तात पुरेशी तयार झाली आहेत का, ते तेथे पाहतात. झाली असतील, तर रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. विषाणू आधीपासूनच शरीरात दडलेला असेल, तर या काळात तो बहुधा उघड होतो. ज्या देशांत रेबीज आटोक्यात आहे, तेथून येणाऱ्या प्राण्यांना रक्ततपासणी आणि हे तीन महिने माफ असतात. त्या देशांच्या यादीत भारत नाही.

आता हिशेब करा. १ जानेवारीला लस टोचली. ३१ जानेवारीला रक्त काढले. त्यापुढे तीन महिने मोजले, तर एप्रिल संपेपर्यंत मनीला ब्रिटनच्या विमानात बसता येणार नाही. अब्बांना मात्र नोकरीवर महिनाभरात हजर व्हायचे असते. इथेच अनेक कुटुंबांची अडचण होते आणि मनी मागे राहते. नियम पुरे न करता तिला तसेच नेले, तर तिला मालकाच्या खर्चाने चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. निघण्यापूर्वी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही घ्यावा लागतो. त्यासाठीचे केंद्र सरकारचे कार्यालय मुंबईतही आहे.

प्राण्यांची खरीखुरी पारपत्रेही असतात. युरोपीय संघाच्या देशांत २००४ सालापासून कुत्र्या-मांजरांना पारपत्राची छोटी पुस्तिका मिळते. संयुक्त अरब अमिरातीत तर २००२ सालापासून ससाण्यांना पारपत्र देतात. ससाणा म्हणजे आपल्या उर्दू कवितेतला शाहीन. तिकडे ससाणे पाळण्याची परंपरा फार जुनी आहे. रानातले पक्षी पकडून चोरून विकले जाऊ नयेत, म्हणून पाळलेल्या ससाण्याच्या पायातील कडीचा क्रमांक पारपत्रात लिहितात. आखाती देशांतल्या काही विमानांत ससाणा डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून चक्क प्रवाशांमध्ये बसतो.

मनीला तेवढा मान नाही. ब्रिटनला विमानाने जाणाऱ्या मांजराला प्रवाशांबरोबर बसू देत नाहीत. ते मालाच्या विभागातून जाते. पिंजरा केवढा असावा, याचे नियम आहेत. मनीला त्यात उभे राहता, वळता आणि ऐसपैस पडता आले पाहिजे. पिंजरा आठ-पंधरा दिवस आधीच घरात उघडा ठेवावा आणि त्यात तिचे जुने अंथरूण घालावे, म्हणजे त्याची तिला सवय होते. झोपेचे औषध मात्र देऊ नये. उंचावर त्याने श्वासाला आणि रक्तदाबाला धोका होतो. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना आणि पग कुत्र्यांना श्वास घ्यायला आधीच त्रास होतो, म्हणून काही विमान कंपन्या त्यांना नेतच नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे नियम याहून कडक आहेत. २०१५ साली जॉनी डेप या प्रसिद्ध अमेरिकन नटाची पिस्टल आणि बू ही दोन छोटी कुत्री खासगी विमानातून, परवान्याशिवाय तेथे आणली गेली. कुत्री ताबडतोब परत न्या, नाहीतर ती मारून टाकावी लागतील, असे तेथील मंत्र्यांनी बजावले. कुत्री परत गेली आणि प्रकरण न्यायालयातही गेले. नटाची कुत्री म्हणून सवलत मिळाली नाही. मला ते योग्यच वाटते.

पोहोचल्यावर प्रश्न येतो मुक्कामाचा. पूर्वी हा प्रश्न पडतच नसे. कारवाँ-सराई हा शब्द तुम्हांला माहीत आहे. उंट, घोडे आणि खेचरे यांच्याशिवाय कारवाँच नव्हता, म्हणून सराई दोघांसाठी बांधत. तुर्कस्तानात अक्सराय शहराजवळ १२२९ साली बांधलेली सुलतान खान ही सराई आजही उभी आहे. तिला मोठे अंगण आहे, अंगणात चार कमानींवर उभी छोटी मशीद आहे आणि थंडीत आसरा घेण्यासाठी मागे उंच छताचे दालन आहे. आजच्या हॉटेलात जनावराला जागा आहे का, हे मात्र आधी विचारावे लागते. नुसते 'हो' एवढे उत्तर पुरत नाही. कितपत मोठा प्राणी चालतो, दर रात्रीचे जादा पैसे किती, त्याला खोलीत एकटे ठेवून बाहेर जाता येते का, हे विचारून लेखी उत्तर घ्यावे. अनेक ठिकाणी एकटे ठेवू देत नाहीत आणि भोजनगृहातही नेऊ देत नाहीत. मग घरच्यांना पाळीपाळीने जेवावे लागते!

जर्मनीत याबाबत बरीच मोकळीक आहे. तिथल्या रेल्वेत टोपलीतले लहान कुत्रे फुकट जाते. मोठ्या कुत्र्याला तिकीट काढावे लागते आणि तोंडाला जाळी बांधावी लागते. अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याची गोष्ट निराळी. ते त्या माणसाचे डोळेच असते. प्राण्यांना मनाई असलेल्या हॉटेलालाही ब्रिटनमध्ये कायद्याने त्याला आत घ्यावे लागते.

कायमचे राहायला जायचे असेल, तर एवढा खटाटोप करावा. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी मनीला नेऊ नये, असे माझे मत आहे. मांजराला माणसांइतकाच घराचाही लळा असतो. ओळखीचा कोपरा, ओळखीचा वास असला की ते शांत राहते. शेजारच्या खालाजानकडे घराची किल्ली द्यावी, मनीच्या लसीचा कागद आणि पशुवैद्याचा फोन क्रमांक द्यावा. त्यांनी दोन वेळा येऊन खाणे ठेवावे, पाणी बदलावे आणि थोडा वेळ तिच्याजवळ बसावे.