डॉक्टरांचा दाखला आणि गांजाचे औषध



“अमेरिकेत गांजा औषध म्हणून मिळतो, मग आपल्याकडेच बंदी का?” असे आम्हाला अलीकडे वारंवार विचारले जाते. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कोणी मोबाईलवर काही पाहिलेले असते. घरात कर्करोगाचा आजारी तळमळत असला, तर हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. म्हणून त्याचा नीट विचार करू.

अमेरिकेत १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा सर्वांत कडक बंदीच्या यादीत घातला. त्यामुळे इतर औषधांप्रमाणे डॉक्टरांना त्याची चिठ्ठी लिहून देता येईना. १९९६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मतदानाने निराळी वाट काढली. डॉक्टर चिठ्ठी देत नाही, तर ‘या रुग्णाला अमुक आजार आहे व गांजाचा उपयोग होण्याचा संभव आहे’ एवढी शिफारस करतो. अशी शिफारस करणाऱ्या डॉक्टरांना शिक्षा करता येणार नाही, असा निकाल तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला. पुढे अनेक राज्यांनी तीच पद्धत उचलली.

पेनसिल्व्हेनिया राज्याचे उदाहरण घ्या. तेथील कायदा २०१६ चा आहे. डॉक्टरला प्रथम राज्याच्या आरोग्य खात्यात नाव नोंदवावे लागते व चार तासांचे शिक्षण घ्यावे लागते. रुग्ण त्याच राज्याचा रहिवासी असावा लागतो. कर्करोग, फेफरे, तीव्र जुनाट वेदना अशा ठरावीक आजारांची यादी आहे. तीत न बसणाऱ्याला दाखला नाही. डॉक्टर रुग्णाला तपासतो, त्याची इतर मादक औषधे चालू आहेत का ते सरकारी नोंदीत पाहतो आणि मगच दाखला देतो. तो स्वतःला किंवा घरच्यांना दाखला देऊ शकत नाही. नंतर रुग्णाला ओळखपत्र मिळते आणि परवानाधारक दुकानातून माल घेता येतो. दाखल्याची मुदत फार तर एक वर्ष. उपयोग होत नाही असे दिसले, तर डॉक्टर तो रद्द करवतो.

म्हणजे तिकडेही मोकळे रान नाही. शिवाय गांजा सर्व रोगांवर उतारा नव्हे. कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्या, काही जुनाट दुखणी, मुलांमधील काही कठीण फेफरे यांत त्यातील द्रव्यांचा गुण दिसला आहे; कर्करोग त्याने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. तरुणांच्या मनावर त्याचे घातक परिणाम होतात आणि गरोदर स्त्रीने तर त्यापासून दूरच राहावे.

आपल्या देशात १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागू आहे. उसाच्या किंवा मक्याच्या आड चार रोपे लावली, तरी तो गुन्हाच. परवान्याशिवाय लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बियाणे देऊन “माल आम्ही उचलतो” म्हणणारा दलाल संकटकाळी सापडत नाही; सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे असते. परदेशचा दाखला येथे चालत नाही. तेव्हा सुट्टीवर येणाऱ्या मुलांना तिकडच्या गांजाच्या गोळ्या वा तेल आणायला सांगू नका.

मग वेदनेने कण्हणाऱ्या आजाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी कायदेशीर औषध आहे. अफूपासून काढलेले मॉर्फिन कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर दिले जाते. २०१४ मध्ये संसदेने १९८५ चा कायदा सुधारला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना अशी औषधे ठेवणे सोपे केले. केरळात कालिकत येथे १९९३ पासून वेदनाशमनाचे काम सुरू झाले आणि मॉर्फिनच्या साध्या गोळ्यांनी कितीतरी रुग्णांना घरीच आराम मिळाला. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “वेदना कमी करण्याचे उपचार कोठे मिळतील?” गोळ्या सांगितलेल्या वेळी द्या, मात्रा स्वतः वाढवू नका, कुलपात ठेवा. या औषधाने शौचास कडक होते. त्यावरचे औषध सोबतच मागून घ्या.

“दुःख सोसणे हाच ख्रिस्ती धर्म, मग औषध घ्यावे का?” अशी शंका काही वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले, की वेदना शमवण्यासाठी गुंगी आणणारी औषधे घेण्यास हरकत नाही. नशेसाठी मादक द्रव्य घेणे ख्रिस्तसभा गंभीर पाप मानते. उपचारासाठी घेणे तसे नव्हे. सिराखच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय घरी वाचा. वैद्याचा मान राखावा आणि भूमीतून निघणारी औषधे देवाचीच देणगी आहे, हे तेथे सांगितले आहे.

भल्या शोमरोनीने जखमी माणसाला सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. आपल्या शेजारी कोणी असा आजारी असेल, तर त्याच्या घरच्यांना ही माहिती द्या, आणि इस्पितळात जायला सोबत हवी असेल तर सोबत जा.