‘आता बरं वाटतंय’ याचा भरवसा किती?

गोळ्या खाऊन कॅज्युअल्टीत आलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. नाव-गाव नीट सांगतो, रक्तदाब ठीक असतो, तक्रार थोड्या मळमळीची. गोळ्या पॅरासिटामॉलच्या असल्या तर नातेवाईक म्हणतात, ‘तापाचीच गोळी ना, उलटी झाली, नेतो घरी.’ धोका नेमका इथे आहे. या औषधाचा काही भाग यकृतात विषारी होतो. नेहमीच्या मात्रेत शरीरातलं ग्लुटाथायोन ते विष मारतं, पण त्याचा साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिले 24 तास वरून फारसं काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृताची हानी सर्वांत जास्त असते. म्हणून तिथली नर्स चेहऱ्यावर विसंबत नाही. रिकामी स्ट्रिप उजेडात धरून फुटलेले कप्पे मोजते, गोळी 500 ची की 650 ची ते वाचते, किती वाजता घेतल्या ते दोघा-तिघांना वेगवेगळं विचारते. चार तास उलटल्यावर रक्तातली पातळी तपासतात. आठ तासांच्या आत एन-ॲसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं.

माझं म्हणणं असं, की मनाची तपासणीही इतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी रुग्ण ओशाळून हसतो, ‘चूक झाली, पुन्हा नाही करणार’ म्हणतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण त्या हसण्याला पुरावा म्हणून किंमत यकृताच्या पहिल्या दिवसाइतकीच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे का, पहाटे जाग येते का, दारू किती, हे विचारायलाच हवं. पूर्वी कधी झोपेविना उत्साह ओसंडणारे दिवस आले होते का, हेही. कारण आजार बायपोलर असेल तर नुसतं नैराश्याचं औषध रुग्णाला उन्मादाकडे ढकलू शकतं. आणि सरळ विचारावं, ‘मरायचं होतं का? अजून तसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. कुणीतरी विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो.

कुणी म्हणेल, भांडणाच्या भरात गोळ्या खाल्ल्या, यात आजार कुठला? बरोबर, काहींना आजार नसतोही. पण भर ओसरेपर्यंत हाताशी किती गोळ्या आहेत, यावर मग जीव अवलंबून असतो. ब्रिटनने 1998 मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांवर मर्यादा घातली, आणि त्यानंतर या गोळ्यांनी होणारे मृत्यू घटले. दुसरा आक्षेप पोलिसांचा. ‘केस होईल’ या धास्तीने घरचे ‘चुकून घेतल्या’ असं सांगतात आणि निदान तिथेच चुकतं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधलं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. हे घरच्यांना पहिल्या तासातच सांगायला हवं, कारण खरी वेळ आणि खरा आकडा त्यांच्याकडूनच मिळणार असतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या जास्त घेतल्या तर हृदयाची लयच बिघडते. म्हणून घरी पाठवताना चिठ्ठीवर महिन्याच्या नव्हे, सातच दिवसांच्या गोळ्या लिहाव्यात, त्या बहिणीच्या नाहीतर आईच्या ताब्यात द्याव्यात, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक लिहावा आणि आठव्या दिवसाची भेट तिथेच ठरवावी.